ताफ्यातली शेवटची गाडी

सस्काटून, १९ जानेवारी २०२५

छायावहिनी,
सप्रेम नमस्कार.

आपले जुने घरमालक कोवाल गेल्या रविवारी सकाळी वारले. तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहितो आहे. ऑक्टोबरात त्यांना शंभर पूर्ण झाली होती. नर्सिंग होममध्येच गेले, झोपेत. फोन करता आला असता, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो. नर्सिंग होमचे चार, चर्चचे दोन, जुन्या नाविकांच्या संघटनेतले दोन आणि मी. बाहेर उणे चौतीस. पाद्रींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, यांनी १९७४ साली आम्हा दोन मुलांना बेसमेंट भाड्याने दिलं आणि फोडणीच्या वासाबद्दल एकदाही तक्रार केली नाही. लोक हसले. मग मी बसलो.

त्या दोन मुलांतला दुसरा म्हणजे आपला बाळ, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

तुम्ही लग्न होऊन आलात त्याच्या आधीची एक गोष्ट सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात कोवाल दारात बूट काढत होते. बाळने पाहिलं की त्यांच्या दोन्ही पायांना मिळून सहाच बोटं आहेत. मी तोंड फिरवलं. बाळने सरळ विचारलं, "बाकीची कुठे गेली?" कोवाल म्हणाले, "रशियात, मुर्मान्स्कला ठेवून आलो. परत जायला काहीतरी कारण हवं ना." मग दोघे इतके हसले की वरून कोवालबाई विचारायला आल्या. आमच्यापैकी कुणी त्यांना कधी काही विचारलं असेल, तर ते बाळनेच. मी चाळीस वर्षं शेजारी राहिलो आणि विचारलं नाही.

ऑक्टोबरात जयंती मला एकटं टाकून गेली तेव्हा तुमचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पत्रात तुम्ही तुमच्या चष्म्याविषयी लिहिलं होतं. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

निधीला आशीर्वाद. तिच्या मुलांना मराठी समजतं का?

आज तारीख एकोणीस. तुमच्या लक्षात असेलच.

आपला,
नंदू


सस्काटून, २४ जानेवारी २०२५

छायावहिनी,

मागच्या पत्रात कोवालांबद्दल अर्धवटच लिहिलं. शेवटच्या महिन्यात मी रोज त्यांच्याकडे जात होतो. जयंती गेल्यापासून दुपारी जायला दुसरं ठिकाण नव्हतं. ते मला जे बोलले ते त्यांनी आणखी कुणाला सांगितलेलं नाही, असं ते म्हणाले. ते तुम्हाला कळलेलं बरं.

आपल्याला त्यांची अर्धी गोष्ट माहीत होती. एकोणिसाव्या वर्षी शेत सोडून ते हॅलिफॅक्सला गेले आणि एका ब्रिटिश मालवाहू जहाजावर लागले. युद्धाचं चौथं-पाचवं वर्ष. रशियाला रणगाडे, दारूगोळा, डबाबंद मांस पोचवायचं. नॉर्वेच्या वरून, बर्फाच्या कडेकडेने, तीस-चाळीस जहाजांचा ताफा करून जायचं. भोवती लढाऊ नौका असत, पण पाण्याखालून पाणबुड्या आणि वरून विमानं. डेकवर बर्फाचे थर चढत. ते कुऱ्हाडींनी फोडून टाकावे लागत, नाहीतर जहाज वरून जड होऊन कलंडे. जानेवारीत तिकडे सूर्यच उगवत नाही. दुपारी बाराला अंधार. ही माणसं सैनिक नव्हती, माल वाहणारी होती, म्हणून सरकारने त्यांना कित्येक वर्षं माजी सैनिक मानलंही नाही. कोवाल यावर एवढंच म्हणत, "टॉर्पेडोने आमचे कागद तपासले नव्हते."

त्यांचे नियम तुम्हालाही माहीत आहेत. ७६ सालच्या हिवाळ्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चमचे मांडून आपल्याला ताफा शिकवला होता. हायवेवर वादळ असेल तर एकटं जायचं नाही. गाड्या एकामागे एक न्यायच्या. पुढच्या गाडीचा मागचा दिवा सोडायचा नाही. कुणी मागे राहिलं तरी थांबायचं नाही आणि वळायचं नाही, कारण थांबणाऱ्यावर मागचा येऊन आदळतो. आणि सगळ्यात शेवटी एक जहाज असं ठेवायचं की ज्याचं कामच पडलेल्यांना उचलणं. दोर, कांबळी, गरम पाणी सगळं त्याच्यावर. आणि त्यात जागा रिकामी ठेवायची.

बाळ लगेच म्हणाला, "मग शेवटची गाडी माझी. वाढपी पंगतीत शेवटीच बसतो." तुम्ही म्हणालात, "आणि त्याच्या वाटणीला नुसता रस्सा येतो." तेव्हापासून वीस वर्षं शेवटची गाडी त्याची. फावडं, वाळूची पोती, दोर त्याच्या डिकीत असे, आणि तुम्ही आमच्या गाडीत. त्याच्या गाडीतली जागा रिकामी राहावी म्हणून.

चमच्यांचा तो ताफा बघताना एक गोष्ट आपल्यापैकी कुणालाच सुचली नाही. शेवटच्याच्या मागे कोण?

आता कोवाल जे बोलले ते. ५ जानेवारीची दुपार होती. नर्स त्यांना सूप भरवून गेली होती. ते म्हणाले, "नंदू, मी तुम्हाला निम्माच धडा शिकवला."

१९४४ चा जानेवारी. त्यांच्या जहाजाला टॉर्पेडो लागला. पाण्यात पडल्यावर थंडी वाजत नाही म्हणाले, कुणीतरी लाकडाने मारल्यासारखं लागतं. प्रत्येकाच्या जॅकेटवर एक लहान लाल दिवा असे, पाण्यात शोधता यावं म्हणून. त्यांना आपल्या आसपास अकरा दिवे दिसत होते. मागची जहाजं शेजारून जाऊ लागली. घरांएवढी. कठड्याला माणसं उभी. वरून कुणी हाक मारली नाही, खालूनही नाही. "मला राग आला नाही," ते म्हणाले. "त्याआधी दोन वेळा मीही कठड्याला उभा होतो. लाल दिवे मागे जाताना बघितले होते."

मग एक जहाज थांबलं.

ते का थांबलं ते त्यांना कधी कळलं नाही. कप्तानाने हुकूम मोडला असणार. बाजूने जाळं सोडलं. त्या जहाजाचा स्वयंपाकी, एप्रन घातलेला जाडा माणूस, जाळ्यावरून कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि कोवालांना कॉलरला धरून वर ओढलं. सारखा शिव्या घालत होता. अशी पाच माणसं काढली. चुलीशी बसवून त्याने स्वतःचे मोजे कोवालांच्या पायांत घातले, तेही शिव्या घालतच. आणि ते थांबलेलं जहाज पाणबुडीला बसल्या जागी मिळालं, त्यालाही टॉर्पेडो लागला. कोवाल दाराजवळ होते, म्हणून बाहेर फेकले गेले. दुसऱ्यांदा पाण्यात. शेवटच्या जहाजाने त्यांना उचललं. त्या स्वयंपाक्याच्या जहाजावर अडतीस माणसं होती, त्यांतली चार वाचली. पाण्यातून काढलेल्या पाचांतले हे एकटे.

"म्हणून मी तुम्हाला 'थांबू नका' असं शिकवलं," ते म्हणाले. "माझ्यासाठी कुणीतरी थांबलं होतं, ते सांगितलं नाही."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

याच्या पुढेही ते काही बोलले. ते नंतर लिहीन. इकडे बर्फ फार आहे. शोव्हल करायला शेजारचा माणूस येतो, त्यामुळे काळजी नसावी.

आपला,
नंदू


सस्काटून, २ फेब्रुवारी २०२५

छायावहिनी,

तुम्ही मशीनवर ठेवलेला निरोप ऐकला. तीनदा ऐकला. तेव्हा मी घरातच होतो, फोनशेजारी. उचलला नाही.

"नंदूभावजी, अठ्ठावीस वर्षांत एक पत्र नाही, आणि आता पंधरवड्यात दोन. कोवाल गेल्याचं वाईट वाटलं, पण तुम्ही मला जहाजांच्या गोष्टी कशाला सांगताय? काय असेल ते सरळ लिहा. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला सोलून भरवायला नको."

बरोबर आहे तुमचं. लिहितो.

जहाजाचं सांगून झाल्यावर कोवालांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी विचारलं, "तुझा मित्र त्या दिवशी मागे पडला होता, की परत वळला होता?"

त्यांना पेपरात आलं होतं तेवढंच माहीत होतं. बाळ आमच्या मागोमाग डेव्हिडसनपर्यंत आला, तिथून काही कारणाने परत फिरला आणि क्रेकजवळ खड्ड्यात गेला. पण मनात त्यांना शंका होती. आपल्या चमच्यांनी तर हे झालं नाही ना, ही शंका. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती बोलून दाखवली नव्हती. आता शंभराव्या वर्षी विचारत होते. बाळ मागे पडला असेल आणि आपण पढवलेल्या नियमामुळे कुणी थांबलं नसेल, तर त्यांच्या मागे त्या जहाजातल्या चौतिसांबरोबर आणखी एक माणूस लागणार होता.

मी म्हणालो, "वळला होता."

ते म्हणाले, "नक्की?"

मी म्हणालो, "मी आरशात बघत होतो. डेव्हिडसनपर्यंत त्याचे दिवे होते."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "बरं झालं." सातव्या दिवशी गेले.

मरणाऱ्या माणसाचं समाधान केलं तर चूक काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तसंच म्हणत घरी आलो. पण घरी तुमचं पत्र टेबलावर होतं, ऑक्टोबरापासून. त्यात तुमच्या हाताने लिहिलेलं, "चष्मा बघा असं मी त्यांना म्हटलं नसतं, तर हे वळले नसते."

एकाच वाक्याने एक माणूस सुटत होता आणि दुसरं माणूस अठ्ठावीस वर्षं अडकून होतं.

वहिनी, कागद इथे संपला म्हणून थांबत नाही. धीर संपला म्हणून थांबतो. आठवड्याभरात लिहितो. फोन करू नका.

नंदू


सस्काटून, ९ फेब्रुवारी २०२५

छायावहिनी,

यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे. तरी सगळं क्रमाने लिहितो, कारण क्रम सुटला की मी खोटं बोलतो.

रविवार, १९ जानेवारी १९९७. रेजायनाच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आदल्या दिवशी झालं होतं. आपण दीड वाजता सस्काटूनला परत निघालो, चार गाड्या. पुढच्या दोन आपल्या सस्काटूनच्या मंडळींच्या, तिसरी माझी, चौथी बाळची. माझ्या गाडीत जयंती माझ्या शेजारी, तुम्ही मागे. निधीला आठवड्यापूर्वीच कांजिण्या झाल्या होत्या, ती घरी शेजाऱ्यांकडे होती.

वाटेत चेंबरलेन गावी कॉफीला थांबलो. तिथून निघताना तुम्ही काच खाली करून बाळला म्हणालात, "अहो, माझा चष्मा तुमच्या गाडीत आहे का टेबलावर राहिला, बघा बरं." तो म्हणाला, "बघतो, बघतो. चष्मा नसला तर मी जरा देखणा दिसेन तुला." हे त्याचं शेवटचं बोलणं. पत्रात तुम्ही पहिलंच वाक्य लिहिलंत, पुढचं लिहिलं नाहीत. मला दोन्ही आठवतात.

पुढच्या क्रेक गावाच्या आधी वारा सुटला. समोर फक्त पांढरं. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मागे बाळचे दोन दिवे.

चार वाजून दहा मिनिटांनी जयंती आरशाकडे बघून हळू म्हणाली, "बाळभावजींचे दिवे दिसत नाहीत."

मी बघितलं. नव्हते.

मी थांबलो नाही. ते मला सांगता येतं. त्या वादळात मध्येच थांबलो असतो तर मागून येणारा ट्रक आपल्या तिघांना घेऊन गेला असता. नियम होता आणि तो वेडगळ नव्हता. बाळजवळ फावडं होतं, दोर होता. माझ्या डिकीत तिळगुळाचे रिकामे डबे होते. हे सगळं मी पुढची वीस वर्षं जयंतीला सांगत आलो. ती ऐकून घेई. एकदा म्हणाली, "थांबला नाहीत त्याबद्दल मी कुठे बोलते?"

कारण तिला सलत होतं ते न थांबणं नव्हतं, ते पुढचं होतं. पुढचं हे.

तुम्ही मागून विचारलंत, "भावजी, येताहेत ना हे?" तुमचे डोळे चष्म्याशिवाय काही कामाचे नव्हते. मागच्या काचेतून बघून तुम्हाला काही कळणार नव्हतं, म्हणून तुम्ही मला विचारलंत.

मी म्हणालो, "हो, आहे की मागे."

जयंतीने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा समोर बघू लागली. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत दिवे परत दिसतील आणि माझं बोलणं खरं होईल. तुम्ही घाबरू नये एवढंच मनात होतं. पुढे तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा "हो" म्हणालो. दुसरा होकार पहिल्यापेक्षा सोपा गेला.

डेव्हिडसनच्या गॅस स्टेशनवर थांबलो, तेव्हा पाच वाजले होते. पुढच्या दोन्ही गाड्या आल्या होत्या, बाळ आला नाही. सव्वापाचला पोलिस आला. त्याने मला विचारलं, शेवटचे दिवे कुठे दिसले? तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, जयंतीची शाल घेऊन. माझ्या तोंडाकडे बघत होतात.

मी म्हणालो, "इथे गावाच्या तोंडाशी. दोन-तीन किलोमीटरवर."

तुमच्यासमोर मला दुसरं काही बोलता आलं नाही. हे कारण म्हणून लिहीत नाही. असं घडलं, म्हणून लिहितो.

त्यांनी डेव्हिडसनच्या आसपास शोधलं. गावातले रस्ते, शेतांकडे जाणारे फाटे. साडेआठला वादळाने त्यांनाही थांबवलं. बाळ सकाळी सापडला, क्रेकच्या अलीकडे, सत्तावीस किलोमीटर मागे. गाडी घसरून गर्रकन फिरली होती, तोंड रेजायनाकडे. म्हणून सगळे म्हणाले, हा परत चालला होता. पोलिसांनी तसं लिहिलं, पेपरात तसं आलं. आणि तुम्ही तिथेच गॅस स्टेशनच्या खुर्चीवर बसून म्हणालात, "माझ्या चष्म्यासाठी गेले हो." चष्मा खरंच चेंबरलेनच्या टेबलावर मिळाला, त्यामुळे कुणाला शंकाच राहिली नाही.

वहिनी, तो वळला नव्हता. तुमच्या चष्म्यासाठी तो कुठेही गेला नाही. तो आमच्या मागे येत होता आणि घसरला, एवढंच.

आणखी एक आहे. हे जयंतीलाही नीट बोलता आलं नाही. बाळला जखम नव्हती. गाडी चालू होती, हीटर चालू होता. मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजला आणि धूर आत भरला. डॉक्टरांच्या अंदाजाने तो साडेसहा-सातच्या सुमारास गेला. सव्वापाचला मी खरं बोललो असतो, तर ते क्रेककडे गेले असते. पोचले असते का, मला माहीत नाही. वादळ होतं. पण सव्वापाचला बाळ जिवंत होता.

ही तारीख आणि ही वेळ लिहून मी हात धुऊन आलो. का ते कळत नाही.

आमच्या घरी त्यानंतर संक्रांत झाली नाही. जयंती तीळ आणून ठेवायची आणि फेब्रुवारीत पक्ष्यांना टाकायची. तुम्ही कोक्विटलामला निधीकडे गेलात तेव्हा तुमची दिवाळीची कार्डं येत. मी उत्तर देऊ देत नसे. तुम्हाला वाटलं असेल आम्ही तुम्हालाच दोष देतो. तसं तुम्हाला वाटू दिलं. हॉस्पिटलमध्ये शेवटी जयंती एवढंच म्हणाली, "छायाला सांगा. मी असताना नाही सांगितलंत, निदान नंतर." मी बरं म्हणालो. आणि तीन महिने गप्प बसलो. कोवालांनी विचारलं तेव्हा पुन्हा तेच खोटं तोंडातून इतकं सहज आलं, की मला माझीच भीती वाटली.

गाडी मी अजूनही चालवतो. आरशात दिवे दिसले की मोजतो. दोन असले तरी पुन्हा बघतो. कधीकधी रस्ता अगदी रिकामा असतो, मागे कुणीच नसतं, आणि शेजारच्या सीटवरून जयंतीचं ते हळू बोलणं येतं. मी रिकाम्या सीटला सांगतो, हो, नाहीत दिसत. तिथे मला खरं बोलता येतं.

क्षमा मागत नाही. ती मागण्याची ही पद्धत नाही, पत्राने. तुम्ही हे निधीला दाखवा, पोलिसांना द्या, काय वाटेल ते करा. मी सगळीकडे हेच सांगेन.

नंदकुमार


कोक्विटलाम, १ मार्च २०२५

नंदूभावजी,

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण लगेच दिलं असतं तर ते वाचणं तुम्हाला झेपलं नसतं.

मी पहिल्यांदा काय केलं सांगू? ह्यांचा फोटो भिंतीवरून काढला आणि टेबलावर समोर ठेवला. अठ्ठावीस वर्षं मी या माणसाशी भांडते आहे. कुणाला माहीत नाही. निधीलाही नाही. रोज चहा करताना भांडायचे. वीस डॉलरच्या चष्म्यासाठी मागे वळतं का कुणी? इतकी का अक्कल नव्हती? घरी चौदा वर्षांची मुलगी आहे, आठवलं नाही? ह्यांच्या श्राद्धाला मी कधी मनापासून हात जोडले नाहीत. जोडायचे, आणि मनात म्हणायचे, तुम्ही गेलात तुमच्या मूर्खपणाने. आणि मग लगेच, नाही, माझ्या मूर्खपणाने. असं सारखं.

आणि ते नुसते आपल्या मागे येत होते.

त्यांची माफी मागायला मला दहा दिवस लागले. तुमच्यासाठी आत्ता माझ्याजवळ काही उरलेलं नाही. खोटं कशाला लिहू?

थांबला नाहीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही थांबू नका म्हणाले असते. पहिल्या वेळी "हो" म्हणालात, तेही मी समजू शकते. मला धीर द्यायला जयंतीही म्हणाली असती. दुसऱ्या वेळचंसुद्धा एखादे दिवशी समजेल कदाचित. सव्वापाचचं मला समजत नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, असं तुम्ही लिहिता. अहो, मला तुमचं तोंड दिसतच नव्हतं. चष्मा नव्हता. तुम्ही मला घाबरलात, पण मला समोर नुसता एक धुरकट माणूस दिसत होता. तुम्ही खरं बोलला असतात तर तुमच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते मला कधी कळलंही नसतं.

जयंतीवर मला जास्त राग आहे, पण तिच्याशी आता कुठे भांडू? तिळाचं लिहायला नको होतंत.

निधीला पत्र वाचून दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकून समजतं. अर्ध्यातच ती म्हणाली, "Stop, Aai." उठून बाहेर गेली. तासाभराने परत आली आणि म्हणाली, उरलेलं वाच. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "So he was just driving home." ती आता बेचाळीसची आहे. एवढ्या वर्षांत तिने मला कधी सांगितलं नव्हतं. बाबा आपल्याकडे यायचं सोडून दुसरीकडे वळले, असं तिला वाटत आलं होतं. एका चष्म्याने किती जणांना काय काय वाटलं.

पोलिसांकडे मी जाणार नाही. त्यांना काय करायचंय आता? तुमच्या शिक्षेने माझी अठ्ठावीस वर्षं परत येणार नाहीत, आणि तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात.

पण एक करा. ज्या जागी गाडी सापडली ती जागा मला पोलिसांनी दाखवली होती. मी तिथे उभी राहून त्यांना बोल लावून आले होते. मला ती जागा नको. चार वाजून दहा मिनिटांनी जयंतीने आरशात बघितलं, तेव्हा तुमची गाडी नेमकी कुठे होती, ती जागा तुम्हालाच माहीत आहे. जयंती गेली. आता ती जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही जाल. त्याआधी मला आणि निधीला ती दाखवा.

एप्रिलच्या बारा तारखेला आम्ही दोघी विमानाने सस्काटूनला येतो. तोवर रस्ते मोकळे असतील. राहायला हॉटेल घेतलं आहे, तुमच्याकडे उतरणार नाही. तेरा तारखेला सकाळी दहाला तयार राहा. गाडी निधी चालवेल. निधीला काही समजावत बसू नका, आणि वाटेत कॉफीला थांबू या असं म्हणू नका.

जाताना मी तुमच्याशी बोलणार नाही. येतानाचं येताना बघू.

छाया